खोट

चाळीस वर्षं मी ग्रोनिंगनमध्ये काचा बसवल्या.
लोकांना वाटतं, काच दिसते.
दिसते ती काचेपलीकडली गल्ली.

वरच्या खोलीत भाड्यानं राहते सित्स्के,
रात्र रात्र एका कमानीपुढे बसून:
कुठल्याशा लांबच्या दीर्घिकेचा उजेड,
वाटेतल्या दुसरीच्या वजनानं वाकलेला,
पडद्यावर कापलेल्या नखाएवढा.
"एके ठिकाणी चिमटा बसलाय, मेनेर तामेलिंग.
दीर्घिकेचं सगळं वजन धरलं,
तरी एवढं उरतंच."
मग तिनं गणितात एक ढेकूळ ठेवून पाहिलं,
ना तारा, ना धूर, ना ऊब,
आणि कमान मुकाट जुळली.
कृष्णद्रव्य म्हणतात म्हणे त्याला.
केवढं ढेकूळ? मी विचारलं.
"लहानच. दहा कोटी सूर्य."
मी पावाला लोणी लावत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरातली खिडकी दाखवली.
काच घराइतकीच जुनी, तोंडानं फुंकलेली.
उजव्या कोपऱ्याशी खोट आहे तिच्यात;
नुसतं पाहून सापडत नाही,
बोट फिरवूनही नाही.
थांबायचं. सायकल यावी लागते.

टपालवाल्या हिल्येची आली.
चाक गोल, गोल,
तिथं पोचलं आणि मोडलं,
पुढे पुन्हा गोल.

सित्स्के स्टुलावर चढली, खाली वाकली,
मान डावीकडे, मान उजवीकडे.
अकरा सायकली आणि एक बाळगाडी होईपर्यंत
तिनं मला बोलू दिलं नाही.

आता तिला पत्र आलंय. परीक्षक विचारतात,
हा दुर्बिणीचाच गोंगाट नसेल कशावरून?
चुकीचं नाही. आधी चष्मा पुसा,
मग काचेला नावं ठेवा,
हे मीच गिऱ्हाइकांना सांगायचो.
ती दुसऱ्या दुर्बिणीच्या नोंदी घेऊन वर गेलीय,
सगळं मुळापासून मोजायला.
उरेल, किंवा नाही उरणार.

जमिनीखालचा वायू उपसला, तेव्हापासून
आमच्याकडे भिंती तडकतात.
गुरुवारी कंपनीची माणसं येतील,
भिंती बुजवतील, खिडक्यांना दुहेरी काचा लावतील,
सपाट, बिनचूक, कशालाच न वाकवणाऱ्या.
मी सही केली.
स्वयंपाकघरातल्या खिडकीवर मात्र
पेन्सिलीनं काट मारली.

थंडी शिरेल, मेनेर, म्हणतील.
शिरू दे.
स्वेटर आहे.