पाणी जोखताना

शेफिल्डला पाच नद्या आहेत
हे मला सतरा वर्षांनी कळलं.
त्यातली एक स्टेशनाच्या पोटाखालून जाते :
इतकी वर्षं मी तिच्याच डोक्यावर उभी राहून
लीड्सची गाडी उशिरा आली म्हणून चरफडत होते.

सांगितलं एनिड स्टॅनिफोर्थ यांनी.
छातीच्या विभागात माझं काम तसं एका शब्दाचं.
नळी तोंडात द्यायची आणि म्हणायचं, फुंका,
फुंका फुंका, अजून, थांबू नका, अजून.
बाई नव्वदीच्या पुढच्या. आकडा बेताचाच आला.
दम गिळत म्हणाल्या,
"सुऱ्याकाट्यांना चकाकी द्यायचे मी, पंधराव्या वर्षापासून.
अंगाला खाकी कागद, डोक्याला लाल फडकं,
आम्ही रस्त्याने निघालो की आया पोरांना घरात ओढत.
तोंडं घाण होती ना आमची."
आणि हसल्या. "दोन्ही अर्थांनी."

त्या शनिवारी रिव्हलिनच्या काठाने गेले.
चाकाचा खड्डा, त्यात नेचे. शेवाळलेलं दगडी कुंड.
इथे माणसं घोड्यावर बसत, म्हणजे एका फळीवर,
दोन्हीकडे पाय टाकून, फिरत्या दगडावर ओणवी.
विळीवर बसतात तशीच की, मनात आलं,
फक्त इथे किसलं जायचं ते फुप्फुस.

मग ग्रंथालयात दफनांची वही.
सुऱ्या घासणारा, वय एकेचाळीस.
काटे घासणारा, वय अठ्ठावीस. काटे, एकतीस. काटे, सव्वीस.
काटे कोरड्या दगडावर घासत.
ज्याच्या दगडाखाली पाणी, तो थोडी वर्षं जास्त खोकायचा.
धूळ ओढणारा पंखा निघाला, तर काहींनी तोही नको म्हटला :
माणसं जगायला लागली तर मजुरी पडेल.
हे वाक्य दोनदा वाचलं.
मग खाली जाऊन चहा घेतला.

पुढच्या तपासणीला बाईंना सांगितलं,
आमच्याकडे पात्याला पाणी देतात,
आणि माणसाचं पाणी जोखतात.
"मग तू तेच करतेस की," नळीकडे बघत त्या म्हणाल्या.
"पण एक लिहून ठेव. घासणारे वेगळे, आम्ही चकाकीवाल्या वेगळ्या.
एका ओळीत बसवू नकोस आम्हांला."

निघताना पर्समधून खाकी पुडी काढली.
आत बोटभर चाकू, मूठ सांबरशिंगाची.
"शिंग तुमच्याकडूनच यायचं."
हातात दिला नाही, टेबलावर ठेवला,
अगदी आपल्यासारखा.
"आता एक पेनी दे. फुकटचा चाकू मैत्री कापतो."
मी खिसे चाचपले. कार्ड, दुसरं कार्ड, पास, किल्ली.
अख्ख्या विभागात कुणाकडे एक नाणं नव्हतं.

चाकू पुडीतच आहे.
पेनी राहिलीय.