शुक्रवारचे पन्नास

पहिल्या पगाराच्या दिवशी आई म्हणाली,
पन्नास. दर शुक्रवारी.
बटाटे सोलणं थांबवलं नाही तिने,
माझ्याकडे बघितलंही नाही.

मी सतरा वर्षांची. मेथिलच्या धक्क्यामागे
मासळीच्या कारखान्यात हॅडकचे काटे काढायचे,
सकाळी सहा ते दोन.
बोटांना कितीही लिंबू चोळलं तरी
बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामीच.
त्याच बोटांनी मोजून दिले :
दोन विसाच्या, एक दहाची.
तिने पुन्हा मोजले.

पोटच्या पोरीकडून भाडं?
मी तोंड वाजवलं.
भाडं नाही गं, खाणावळ.
आमच्या गल्लीत सगळ्याच घरांत असं म्हणतात,
भाडं म्हटलं की अपमान होतो.
कुणाचा, ते कुणी सांगत नाही.

नोटा ग्रेव्हीच्या रिकाम्या डब्यात जायच्या
आणि खाटकाने दिलेल्या कॅलेंडरवर
शुक्रवारच्या चौकटीत एक बारीक खूण.

यार्ड बंद झालं ते त्याच वर्षी.
समुद्रातल्या तेलविहिरींचे सांगाडे जोडणारे बाबांचे हात
आता शब्दकोड्याची घरं भरायचे.
मी पाकीट उघडलं की त्यांना नेमका चहा आठवायचा.
उठायचे, केटलचं बटण दाबायचे,
नुकताच चहा झालेला असला तरी.

स्ट्रुअन माझ्याहून दीड वर्षाने मोठा. एक पेनी नाही.
त्याचं कॉलेज आहे.
आणि माझं काय, हौस?
त्या रात्री मी मुद्दाम दोन वाजता आले, बूट वाजवत.
पैसे देते, म्हटलं, भाडेकरू आहे मी.
आई जिन्यावर बसलेली, अंगात कोट, हीटर बंद.
भाडेकरूसाठी, ती म्हणाली,
मी जागले नसते.

कारखान्यातली शोना म्हणायची, थांब तू.
माझ्या मावशीने असंच घेतलं लेकीकडून सहा वर्षं
आणि लग्नात सगळंच्या सगळं परत,
पाकिटाला रिबीन बांधून.

झालं. तेव्हापासून मी त्या पाकिटाची वाट बघू लागले.
काटे काढता काढता पन्नास गुणिले बावन्न.
दुसऱ्या वर्षी त्यात एक जुनी गाडी मावली,
चौथ्या वर्षी कर्कॉल्डीतल्या खोलीचं डिपॉझिट,
वर पडदे.

चौथ्या वर्षी निघालेच मी.
पिशव्या दारात. म्हटलं, आई, मग?
मग काय?
ते पैसे.
ती हसली, पार मागच्या दाढेची फट दिसेपर्यंत.
खाल्लेस की.
थोडे तू, थोडे आम्ही, बरेचसे त्या बॉयलरने.
मग खण उघडून जुनं कॅलेंडर काढलं, फेब्रुवारी :
कारखान्यात काम नव्हतं तेव्हा वीसच दिले होतेस.
तीस राहिलेत.

दिले. दहाच्या तीन,
एकेक ओट्यावर आपटून.
बाबा उठले, केटलचं बटण दाबलं
आणि घर काळं झालं.
मीटरमधली शेवटची पेनी संपली होती.

आईने चाचपत नोटा गोळा केल्या,
मीटरची किल्ली घेतली,
कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

मी आणि बाबा.
अंधारात त्यांना जायला कुठे काही नव्हतं.
वर स्ट्रुअन कुणाला तरी शिव्या देत होता,
धक्क्याकडून साखळदंडाचा आवाज.
किती तरी वेळाने म्हणाले,
मॉरव्हेन, तो पहिला हिवाळा...
तुझे पन्नास नसते ना, तर मी...

दाराशी आईची पावलं. मीटरची खटकी.
दिवा लागला.
बाबांचं डोकं कोड्यात,
आठ अक्षरी शब्द, उभा, पेन्सिल हलत नव्हती.
चहा पिऊन जा, आई म्हणाली,
आणि उरलेली मोड डब्यात टाकली.

केटल आधीच गुरगुरत होती.
बटण कुणी बंद केलंच नव्हतं.