रकाना सात

अर्ज चार पानांचा. जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण,
कुठं किती वर्षं सेवा:
इत्तिविक, एकोणीस वर्षं, उपदेशिका म्हणून.
वस्ती एकोणसत्तर माणसांची, कुत्री वेगळी.
सातव्या रकान्यात विचारलेलं,
पाचारण कधी झालं, थोडक्यात लिहा.

थोडक्यात.
टपाल घेऊन हेलिकॉप्टर उठलं
तेव्हा तो रकाना कोराच होता.

नूकमधल्या वर्गात माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलं.
ग्रीक क्रियापदं त्यांच्या तोंडात विरघळायची,
माझ्या घशात काट्यासारखी अडायची.
रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाव कापत घोकत बसायची.
आल्बर्टिना म्हणाली, बोलेट्टे,
तुला प्रेत न्हाऊ घालता येतं,
मला अजून बघवतसुद्धा नाही.
अदलाबदल करू.

केली. तिनं मला क्रियापदं दिली.
मी तिला सांगितलं, हनुवटी आधी बांधायची,
बोटं गार पडायच्या आत गुंफायची,
आणि विधवेला चहा हवा का म्हणून विचारायचं नाही,
सरळ पुढ्यात ठेवायचा.

खड्ड्यांचं मात्र नाही सांगितलं.
जमीन दगड व्हायच्या आत, ऑक्टोबरात,
हिवाळ्यात जे जातील त्यांच्यासाठी खणून ठेवावे लागतात.
किती, ते बसून ठरवायचं असतं,
आणि ठरवताना कुणाच्या तोंडाकडे बघायचं नसतं.
एका साली तीन खणले, एक उरला.
बर्फ वितळल्यावर पोरं त्यात लपंडाव खेळली.
मी रागावले नाही.

तोंडी परीक्षेला बिशप: बुटके, सर्दीनं बेजार.
अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाले,
हे राहिलं वाटतं.

मग सांगितलं.
एनोक म्हातारा. फुप्फुसात पाणी.
त्याला प्रभुभोजन हवं होतं
आणि पाळक धुक्यात अडकलेले, खाली, नऊ दिवस.
चौथ्या दिवशी तो म्हणाला, तूच दे.
भाकर होती. द्राक्षारस कपाटात होता,
किल्ली माझ्याच खिशात.
मी म्हणाले, मला अधिकार नाही.
रोज म्हणाले, शहाण्यासारखी, हळू आवाजात.
सातव्या दिवशी त्यानं मागायचं सोडलं.
आठव्या दिवशी गेला.

नवव्या दिवशी लख्ख ऊन.
पाळक उतरले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
नियम पाळलास, बरं केलंस.

पाळायला काय,
माणूस काहीही पाळतो: कुत्री, रविवार, दिलेला शब्द.
नियम मी पाळला.
म्हातारा राहून गेला.

बिशपनी नाक पुसलं.
बंदरात एक बोट भोंगा वाजवत राहिली.
आता दीक्षा झाली म्हणजे तो परत येणार आहे का?
नाही.
मग?
मग पुढचा कुणी मागेल
तेव्हा माझ्याकडे सबब नसेल.

त्यांनी रकान्यात काहीतरी लिहिलं.
उलटं होतं, मला वाचता आलं नाही.

उद्या हस्तार्पण.
सात-आठ हात डोक्यावर पडतील, जड लागतात म्हणे.
आल्बर्टिनाला मध्येच उचकी लागली होती,
ती म्हणते, सकाळी गार पाणी पिऊ नकोस.
गुडघ्यांना तेल चोळून झालंय.
झालरीची पांढरी कॉलर गोल खोक्यात आहे,
वर मोठ्या अक्षरांत: यावर बसू नये.
परतीची बोट पाच दिवसांची,
कुणीतरी बसणारच.

घरून निरोप आलाय.
जमीन अजून मऊ आहे,
यंदा किती खणायचे,
कधी येतेस.