एकशे छप्पन्न तास

सहा क्रेडिट. एका क्रेडिटला तास सव्वीस.
गुणाकार आधीच कुणी करून ठेवलाय
फॉर्मच्या कोपऱ्यात, राखाडी आकड्यांत:
एकशे छप्पन्न.

मी फक्त वाटे घालायचे.
व्याख्यानं बत्तीस. प्रयोगशाळा सोळा.
उरले एकशे आठ, ते "स्वतंत्र अभ्यास".
या दोन शब्दांत बाकीचं सगळं कोंबायचं,
निघता निघता बॅगेत चपला कोंबतात तसं.

विषय शेवाळ. गाव टार्टू.
एमायोगी नदी गोठलेली, साडेतीनलाच दिवे.
दलदलीतलं पीट वर्षाला मिलिमीटरभर चढतं,
सेमिस्टर त्याच्या गावीही नाही.

सत्र संपलं की आम्ही मुलांना विचारतो,
प्रत्यक्षात किती तास लागले?
एकजण लिहितो चाळीस. हुशार आहे, खरंच असेल.
सातजण लिहितात बरोब्बर एकशे छप्पन्न,
मग कळतं, फॉर्म बसची वाट बघत भरलाय.

नावं नसतात, पण राइगो पेत्ताईचं अक्षर
चिखलातून चालल्यासारखं.
"दोनशे एकतीस," त्यानं लिहिलंय.
"त्यातले नव्वद मला काहीच कळत नव्हतं. ते धरायचे?
वोरूची बस, जाऊन-येऊन अडीच तास, मांडीवर भिंग. ते?
बेकरीत रात्रपाळीला, कणीक फुगेस्तोवर,
लॅटिन नावं पाठ केली. पण त्या तासांचा पगार घेतलाय.
एक तास दोनदा मोजता येतो का?"

असल्या आकड्याला आम्ही विसंगत म्हणतो.
तो वगळला की सरासरी शहाण्यासारखी वागते.

चाळीसवाल्याला सहा क्रेडिट. राइगोलाही सहाच.
अन्याय म्हणू नका, नियम आहे,
आणि खाली सही माझीच.

एप्रिलात दलदलीवर गेलो.
फळकुटांच्या वाटेवर तो मागे राहिला, गुडघ्यावर,
हातमोजा दातांत धरून
बोटांनीच ओळखत होता कुठलं कुठलं.
भिंग खिशात. परीक्षा होऊन तीन महिने झालेले.
मी घड्याळ पाहिलं, सवयीनं.

पुढच्या वर्षीचा फॉर्म आला.
बत्तीस, सोळा, एकशे आठ.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कणीक फुगेस्तोवर.

कार्यालयातून पिल्लेचा फोन.
"बाई, इथे फक्त आकडा चालतो."
किती टाकू, मी विचारलं.
ती म्हणाली, लवकर सांगा,
सिस्टीम चारला बंद होते.