परत म्हणून दाखवणे

अकरा वर्षं मी त्याचा फक्त आवाज ओळखत होते.
किन्शासात मी, नदीपलीकडे ब्राझाव्हिलात तो.
मध्ये काँगो, जलपर्णीची बेटं वाहून नेणारी,
आणि तिच्यावर, कुणालाच न दिसणारी,
आभाळाची शीव.

माझं विमान त्याच्या आभाळात जायचं झालं
की मी फोन उचलायचा:
अमुक विमान, अमुक उंची, अमुक मिनिटाला शिवेवर.
त्यानं तेच शब्द मला परत म्हणून दाखवायचे.
नुसतं ऐकलं, एवढ्यानं आमच्या धंद्यात भागत नाही.

त्या रात्री जोहान्सबर्गहून पॅरिसला निघालेल्या वैमानिकानं
वर चढायची परवानगी मागितली.
समोर ढगांची भिंत होती.
आवाजात घाई नव्हती,
पण घाई दाबून धरणारा आवाज मला कळतो.
दिली. पस्तीस हजार फूट.
कागदाच्या पट्टीवर चौतीस खोडून पस्तीस केलं.
आता पलीकडे सांगायचं.

फोन लावला. नुसती घरघर.
पुन्हा लावला.
कुणी मासळीवाली लिंगालात भाव करत होती,
मग तीही गेली.
तिसऱ्यांदा लावणार,
तोच लुबुंबाशीचं मालवाहू विमान बोलू लागलं:
इंधन कमी, पाऊस फार,
धावपट्टीवरचे दिवे गेलेत का?
गेले होते.
मी रिसीव्हर ठेवला.
ठेवला, एवढंच.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती,
असं सुटलेली माणसं म्हणतात.
वेळ आली होती.
माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत,
पट्टीच्या चौथ्या रकान्यात:
एक वाजून बेचाळीस.
नदीपलीकडे सांगायची तेवढी राहिली.

समोरून दुआलाचं विमान येत होतं,
पस्तीस हजारांवरच, लुबाकीच्या हवाली.
मग एका विमानातली पेटी म्हणाली, चढ.
दुसऱ्यातली म्हणाली, उतर.
आम्हा दोघांना जे ठरवता आलं नाही
ते त्या दोन पेट्यांनी
आपसात ठरवून टाकलं.

पाच सेकंद हेडफोनमध्ये काहीच नव्हतं.
मग वैमानिक म्हणाला,
किन्शासा, आत्ता आमच्या खालून कुणीतरी गेलं.
कुणीतरी.
अहवालात आहे: उभं अंतर दोनशे दहा फूट,
एक कॉफी सांडली,
सोळाव्या रांगेतलं मूल जागं झालं
आणि पुन्हा झोपलं.

चौकशीत विचारलं, फोन किती वेळा केलात?
दोनदा.
तिसऱ्यांदा का नाही?
पंखा फिरत होता. टंकलेखक थांबला होता.
त्या प्रश्नापुढे कागदावर
अजून कोरी जागा असेल.

सहा शनिवार गेले. सातव्याला
मी बोटीत बसले आणि पलीकडे गेले.
वीस मिनिटं. एवढीच रुंद आहे ती नदी.
आवाजावरून मी उंच माणूस धरून चालले होते.
धक्क्यावर एक बुटका, टक्कल पडलेला गृहस्थ,
बुटांना ताजं पॉलिश,
हातात पानात भाजलेला मासा, कागदात गुंडाळून.
मी म्हटलं, कापिंगा.
तो म्हणाला, कापिंगा.
अकरा वर्षांची सवय.

मासा अर्धा झाला. काटे त्यानं
ताटाच्या कडेला नीट ओळीत लावले.
मग म्हणाला, माझ्याकडे न बघता:
दुसऱ्या वेळी मी फोन उचलला होता.
कुणी बाई मासळीचा भाव करत होती.
मला वाटलं, चुकीचा नंबर.
मी ठेवून दिला.

पाण्यावरून जलपर्णीचं एक बेट चाललं होतं,
त्यावर एक बगळा, फुकट प्रवास करणारा.
ते दिसेनासं होईपर्यंत
मला काहीच सुचलं नाही.
मग जे येतं ते केलं.
म्हटलं, दुसऱ्या वेळी तू फोन उचलला होतास.
बाई भाव करत होती.
तुला वाटलं, चुकीचा नंबर.
तू ठेवून दिलास.

तो म्हणाला, बरोबर.