परेराचा नऊ

रबाळे एमआयडीसी, पहिला मजला, रेकॉर्डची खोली.
इथे विमान कधी येत नाही.
येतात त्याचे गुडघे, झडपा, पंप, पिना
लाकडी खोक्यांतून, तेलकट कागदात गुंडाळून,
आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्याची फाइल,
बऱ्याचदा भागाहून जड.

कुठल्या भट्टीत जन्म, कुणाच्या पोटाखाली किती वर्षं,
किती वेळा जमिनीला टेकला,
कुणी उघडला, खाली सही कुणाची.
नव्या पोराला पहिल्या दिवशी मी एवढंच सांगायचो:
कागद हरवला की पोलाद मेलं.
मग ते कितीही चकचकीत असो,
लाल टॅग, आणि करवत.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
घणसोलीला खाडीकडेला आमची खारजमीन होती.
सातबाऱ्यावर मढवीचं कुणीतरी मडवी केलं
आणि साडेबारा टक्क्यांचा भूखंड
त्या एका ‘ढ’साठी अकरा वर्षं लटकला.

मार्चमध्ये ठाण्याहून केतकी रसाळ आली,
दोन स्कॅनर आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन.
‘काका, कसर कागदाला लागते,
सिस्टिममध्ये कसर राहत नाही.’
मी फाइल झटकली. रुपेरी किडे
टेबलभर पळाले, जणू तिचीच साक्ष द्यायला.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
आता भागावरच लेझरने नखाएवढा चौकोन कोरतात.
दाखवला की आयुष्य पडद्यावर.
मला त्यालाच अर्धा दिवस लागायचा,
एक शिडी, आणि सतरा शिंका.

गुरुवारी जेवणाआधी चाकाच्या दांड्यातली पिन आली.
कार्ड अठ्ठ्याण्णवचं, निळी शाई.
पडद्याने वाचलं: चौदा हजार तीनशे बारा वेळा टेकली.
मर्यादा वीस हजार. हिरवी खूण.

थांब, म्हटलं.
तो चार नाही. तो परेराचा नऊ आहे.
रेमी परेरा नऊचं डोकं मिटायचे नाहीत,
घाईत दार उघडं टाकून गेल्यासारखं.
म्हणजे एकोणीस हजार तीनशे बारा.
म्हणजे पिनेचे उरलेत सातशेच्या आत.

‘पुरावा?’ केतकीने विचारलं. चिडून नाही.
विचारायलाच हवं होतं.
परेरा चरईच्या घरी चौदा साली गेले.
मी शिडी लावली.
तिसऱ्या रॅकच्या तळाशी, साडेचारला, सापडलं:
त्यांच्याच हातची तारीख, सन एकोणीसशे नव्याण्णव,
ओळीने तीन नऊ,
तिघेही बिनछपराचे.

तिने आकडा बदलला. सिस्टिमने कारण विचारलं.
यादीत पाच कारणं. परेरा त्यात नव्हते.
‘इतर’, तिने दाबलं.
मग एका पिवळ्या चिठ्ठीवर पेनाने लिहून
स्क्रीनच्या कडेला चिकटवलं:
परेरांचा चार दिसला की काकांना विचार.
आणि झालेली सहाशे दहा कार्डं
आम्ही पुन्हा काढायला घेतली. डबे तसेच राहिले.

महिनाअखेर खोली रिकामी. खोकी तळोज्याच्या गोदामात.
ताबा दिल्याची सही काचेवर, बोटाने.
केली. बघितलं तर
मडवी.
केतकी म्हणाली, चालतं काका, सही म्हणजे सही.
मी पुसली.
बोट पँटला पुसलं,
आणि ‘ढ’ला त्याची गाठ देऊन
पुन्हा काढली.