रोकड शिल्लक

रविवारी पतपेढी बंद.
पाचला उठतो, थर्मासमध्ये कोरा चहा,
अंगात शेवाळी रंगाचा जुना शर्ट. बायको म्हणते,
झाडच व्हायचंय तर निदान सावली तरी दे.

लेन्स आगुस्तीनबाबाची.
वेंगुर्ल्यातला स्टुडिओ मोडला तेव्हा
अर्ध्या किमतीत दिली, आणि सांगून दिली :
आत बुरशीचा ठिपका आहे, डावीकडे, वर.
वीस वर्षं तो मुंडावळ्यांत लपला.
माझ्या पाखरांना मुंडावळ्या नाहीत.
हळद्या असो, तांबट असो, फोटोत कुठेतरी
एक लहानसं धुकं, ऊन कितीही कडक असो.

या फाल्गुनात हाती लागलं ते एवढंच :
पांगाऱ्यावर भांडणाऱ्या साळुंक्या, सगळ्या हललेल्या.
खाडीतल्या खांबावर खंड्या, पाठमोरा.
सावरीच्या फुलात डोकं खुपसून बाहेर आलेला कोतवाल,
तोंडभर पराग,
शिमग्यातलं सोंग पुसायला विसरल्यासारखा.
आणि एक रिकामी फांदी, जिच्यावर
क्षणापूर्वी स्वर्गीय नर्तक होता.
ती फांदी अजून पुसवत नाही.

पण जीव अडकला होता बेहड्यात.
सुरंगीच्या राईमागे, जुन्या ढोलीत
धनेशाची मादी स्वतःला चिणून बसलेली.
बोटभर फट, फटीत चोचीचं टोक.
बाहेरचं जग आता
नर आणील तेवढंच.

आधी यायचा पंखांचा आवाज,
कुणी आभाळात सूप पाखडतंय असा.
मग गळ्यातून एकेक रुमड काढून फटीत.
मी सुरंगीआडून मोजायचो.
नोटा मोजताना हलतात तसे ओठ हलायचे.
अकरा. चौदा. एका रविवारी सतरा.
फोटोत मात्र फांद्यांच्या जाळीत
नुसता काळा डाग.

म्हणून चैत्रातल्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकलो.
पंधरा पावलांवर स्टँड लावला.

तो आला. समोरच्या आंब्यावर बसला.
गळा फुगलेला, भरलेला.
माझ्याकडे पाहिलं, ढोलीकडे नाही.
तिथे ढोली नाहीच मुळी,
हे त्याने किती सभ्यपणे सांगितलं!
दहा मिनिटं. पंचवीस. चाळीस.
एक बारीक कैरी गळून पडली, तो हलला नाही.
फटीतलं टोक आत गेलं,
बाहेर आलं,
आत गेलं.

"तू हयसून गेलंस काय तो येतलो."
आवाज वरून. सुरंगीच्या झाडावर एक बाई,
कळे उमलायच्या आत खुडायला पहाटेच चढलेली.
तीन रविवार मी या राईत पक्षी शोधत होतो
आणि डोक्यावरचं माणूस दिसलं नव्हतं.
थोड्या वेळाने, खुडता खुडता :
"भुकेलेली आसा रे ती."

मी म्हणालो, एकच फोटो.
हो, म्हणालो. लिहून ठेवतो,
कारण पुढे सांगताना हे वगळायचा मोह होईल.

एक काढला. स्टँड उचलला.
चिऱ्याच्या गडग्याशी पोचतो न पोचतो
तोच मागे सुपाचा आवाज.
वळलो नाही.
खरं तर वळलो, पण कॅमेरा पिशवीत होता
आणि डोळ्यांना झूम नसतो.
वरून ती मोजत होती, मोठ्याने, माझ्यासाठी :
"...सोळा, सतरा, अठरा..."
म्हणजे माझी पुटपुट
रोज झाडावर पोचत होती.

फोटोत चोचीचं टोक आलंय.
नेमकं त्याच्यावर धुकं.

मंगळवारी भरणा करायला आली. द्वारकी रेडकर,
खातं नऊ वर्षांचं, स्लिपवर अंगठा.
सातशे चाळीस रुपये, सुरंगीचे,
नोटांना अजून तो वास.
ना तिने गरुडाचं नाव काढलं, ना मी धनेशाचं.
मी नोटा मोजायला घेतल्या.
ती काचेपलीकडून
माझे ओठ बघत होती.